बेल्ह्याचा सोमवार: पोळ्याच्या खरेदीला जावं का?

बेल्ह्याला दर सोमवारी बैलबाजार भरतो, तिथं जावं. पण घरातलं एखादं म्हातारं माणूस सोबत घेऊन जावं आणि खरेदी त्याच्यादेखतच करावी, नाहीतर माझ्यासारखं होतं.

मी भोसरीत कंपनीत असतो. गावाकडं अण्णांनी एक खिल्लारी जोडी अजून ठेवली आहे. ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, तरी ठेवली आहे. आमच्या जुन्नर भागात पोळा श्रावणात नसतो, भाद्रपदी अमावास्येला असतो, म्हणजे सर्वपित्रीलाच. एका हातानं पितरांना घास आणि दुसऱ्यानं बैलांना पुरणपोळी. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधीच्या सोमवारी रजा टाकली आणि अण्णांना गाडीवर बसवून बेल्ह्याला नेलं. नगर-कल्याण रस्त्यावर आळेफाट्यावरून नगरकडं निघालं की बेल्हे लागतं. वाटेत आळ्याला अण्णांनी गाडी थांबवायला लावली. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथं आहे. बैलाच्या कामाला निघालं की रेड्याला हात जोडायचे, हा त्यांचा नेम.

पोचायला साडेसात झाले. अण्णांच्या हिशेबानं उशीर. रात्री पाऊस झालेला, त्यामुळं बैलबाजारात घोट्यापर्यंत चिखल. बूट घालून जाऊ नका.

आम्हाला बैल घ्यायचे नव्हते, फक्त साज घ्यायचा होता. तरी पहिला तासभर अण्णा बैलांमध्येच फिरत राहिले. दिसेल त्या बैलाचा खालचा ओठ ओढायचा आणि दात मोजायचे. बैलाला पुढचे दात फक्त खालीच असतात, हे मला त्या दिवशी कळलं. दुधाचे दात पडले नसतील तर आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळला. हा बैलाचा जन्मदाखला. मग पाठीवरचे भोवरे, खुरं, आणि चार पावलं चालवून चाल. एका हेड्यानं, म्हणजे बैलांच्या दलालानं, विचारलं, "पाव्हणं, घ्यायचाय का नुसतंच तोंड बघताय?" अण्णा म्हणाले, "तोंड बघितल्याबिगर सोयरीक जमती व्हय?"

ज्यासाठी हा बाजार बघावा, ती गोष्ट म्हणजे रुमालाखालचा सौदा. आमच्या शेजारीच एक चालला होता. हेड्यानं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं. तोंडानं दोघं पावसापाण्याचं बोलत होते आणि खाली बोटं चालली होती. किती बोटं धरली तो आकडा. तो शेकड्यातला की हजारातला, हे बैल बघूनच दोघांना कळलेलं असतं. एकानं हात झटकला, दुसऱ्यानं पुन्हा धरला. सौदा मोडला, तरी किती मागितले नि किती दिले हे भोवतीच्या माणसांना कळत नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला हेडी नवा भाव सांगायला मोकळा. लबाडी म्हणा, पण चारचौघांत कुणाची पत जात नाही, हेही खरं. चार पावलं पुढं एक पोरगा मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून दाखवत होता. अण्णांनी तिकडं पाठच फिरवली.

बैलगाडा शर्यतीच्या खोंडांभोवती, म्हणजे तरण्या बैलांभोवती, सगळ्यात जास्त गर्दी, आणि ती सगळी तरण्या पोरांची. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं आपल्या राज्याचा कायदा उचलून धरला. पोरं खोंडाचा व्हिडिओ काढतात, घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, किती सेकंदांत जाईल ते बोलतात. नांगराला कसा चालेल, हे तासाभरात मी एकाच्याही तोंडून ऐकलं नाही.

आता खरेदी. बैलाच्या तोंडाला बांधायच्या सुती म्होरक्यांची जोडी २८० रुपयांना मिळाली, माल फर्स्ट क्लास. विकणाऱ्या मावशींनी स्वतः विणलेल्या होत्या आणि गाठ कुठं घट्ट धरायची तेही दाखवलं. घायपाताचे दोर मात्र अगदी कमी दिसले, सगळीकडं निळं-पिवळं नायलॉन. नायलॉन टिकतं, पण बैलाची मान सोलवटतं. कासरा तरी सुतीच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. शिंगांना हिंगूळ, गोंडे, बेगडी बाशिंगं ढिगानं होती आणि घासाघीस केली की भाव उतरत होता. झुली मला आवडल्या नाहीत. चकचकीत सॅटिन, एक पाऊस लागला की रंग जाणार.

फसलो ते घुंगरमाळेत. अण्णा चहा घेत होते, तेवढ्यात मी एकट्यानं १,२०० रुपयांना "पितळी" माळ उचलली. अण्णांनी एक घुंगरू नखानं खरवडलं आणि आतला पत्रा दाखवला. परत जाईपर्यंत विकणाऱ्यानं पथारी गुंडाळलेली. पितळ घ्यायचं तर आधी हातात वजन घ्या, वाजवून बघा, दोन ठिकाणी भाव विचारा.

खाण्याचं थोडक्यात: बाजारात भेळभत्ता आणि गोडीशेव घ्यावी, पोटभर जेवायचं तर आळेफाट्याच्या बाजूला मासवडी-रस्सा. नावाला बिचकू नका, त्यात मासा नसतो, बेसन आणि तीळ-खोबऱ्याचं सारण असतं. आम्ही बसलो तिथला रस्सा पाणचट होता. आईच्या हातची मासवडी खाल्लेल्यानं अपेक्षा कमीच ठेवावी.

खांदेमळणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या, संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळताना अण्णा आईला सांगत होते, चारदाती खिल्लारी खोंड किती बोटांवर आला होता ते.

"घ्यायचाय का?" आईनं विचारलं.

"न्हाय. भाव ठावं असावा," अण्णा म्हणाले आणि पत्र्याची माळ धाकट्या बैलाच्या गळ्यात बांधली.