झिरोचं बटण आणि माझे चार लाख

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. स्टेनलेस स्टीलचे व्हॅक्यूम चेंबर, म्हणजे आतली हवा काढून वापरायचे बंद डबे, वेल्ड करून देतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाला प्रत्येक चेंबर हेलियमने तपासलेला हवा होता. दर वेळी जॉब टेम्पोत घालून पुण्याला नेणं परवडेना, म्हणून दिवाळीनंतर मी जुनं लीक डिटेक्टर मशीन घेतलं. ते जॉबमधली हवा ओढून घेतं; बाहेरून जोडावर हेलियम सोडला आणि तो भोकातून आत शिरला की किती गळती आहे ते पडद्यावर दाखवतं. चार लाख वीस हजार दिले, त्यातले तीन लाख कर्जाचे. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितोय.

मी बघायला गेलो तेव्हा मशीन आधीपासून चालूच होतं. पडद्यावर आकडा उणे नऊचा, म्हणजे दहाचा उणे नऊ घात मिलिबार लिटर प्रति सेकंद, हे गळतीचं माप. मला हवा तोच. जोडावर हेलियम सोडला की आकडा उसळायचा, पुन्हा खाली यायचा. विकणारा मधूनमधून पॅनेलवरचं एक बटण दाबत होता. मी काही विचारलं नाही, तिथेच फसलो.

ते झिरोचं बटण. मशीनच्या आत आधीपासून जो हेलियम दिसत असतो, त्याला बॅकग्राउंड म्हणतात. झिरो दाबलं की मशीन तेवढा आकडा वजा करून दाखवतं. घाण आत तशीच राहते, फक्त पडद्यावर दिसत नाही. सोलापुरात आणून झिरो बंद केलं तर बॅकग्राउंड उणे सातचं, म्हणजे शंभरपट मोठं निघालं. तेवढ्या गोंधळात उणे नऊची गळती दिसणार कशी?

मेकॅनिकने मशीन उघडलं. हवा ओढणाऱ्या रोटरी पंपाचं तेल दुधाळ झालेलं, म्हणजे त्यात पाणी गेलेलं. जोडातून हवा जाऊ नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्यांना, म्हणजे ओ-रिंगांना, बोटाने सिलिकॉन ग्रीस फासलेलं. त्या ग्रीसची वाफ आयन सोर्समध्ये, म्हणजे हेलियम ओळखण्यासाठी वायूला विद्युतभार देणाऱ्या भागात, फिलामेंटच्या तापलेल्या तारेजवळ पोचते आणि तिथे थर धरते, वीज अडवणारा. आयन सोर्स काळा पडला होता. शिवाय ओ-रिंगचं रबर हेलियम पिऊन बसतं आणि नंतर बराच वेळ सोडत राहतं. कॅलिब्रेशन लीक म्हणजे मशीनचा आकडा पडताळायची, ठरलेली गळती असलेली हेलियमची कुपी; तिच्या लेबलावरची तारीख खरवडलेली होती. त्यातला हेलियम वर्षागणिक कमी होतो, म्हणून तारखेशिवाय त्यावरच्या आकड्याला अर्थ नाही.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "माझ्याकडून चांगलं गेलं, तुमच्या तेलकट जॉबने बिघडलं." आमच्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात कूलंट (कटिंगच्या वेळी वापरायचं तेलकट पाणी) लागलेला एक जॉब तसाच लावला होता, हे खरं आहे. त्यामुळे माझं तोंड बंद झालं. बिलावर ‘जसं आहे तसं’ लिहिलेलं होतं.

म्हणून सांगतो, जुनं मशीन घेताना ते बंद करायला लावा आणि थंड मशीन तुमच्यासमोर सुरू करून घ्या. जॉब लावायचं तोंड झाकणाने बंद करा, झिरो बंद ठेवा, अर्धा तास बसून आकडा बघा. काचेतून पंपाचं तेल बघा. या सगळ्याचा व्हिडिओ काढा आणि बॅकग्राउंडचा आकडा बिलावर लिहून घ्या. थोडे पैसे मशीन तुमच्याकडे चालेपर्यंत हातात ठेवा.

मशीन घरी आल्यावर जबाबदारी आपली. आता आम्ही प्रत्येक जॉब धुऊन, तेल काढून, ओव्हनमध्ये वाळवूनच लावतो. ओल्या जॉबचं आणखी एक संकट आहे. पाणी बारीक भोक बुजवतं आणि गळका जॉब पास होतो! मोठी गळती आधी साबणाच्या पाण्याने शोधतो आणि मग जॉब पुन्हा वाळवतो, कारण मोठ्या भोकातून एकदम हेलियम आत गेला की बॅकग्राउंड लवकर उतरत नाही. ओ-रिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसतो. ग्रीस अजिबात नाही. संध्याकाळी गॅस बॅलास्ट, म्हणजे पंपात थोडी हवा सोडणारी झडप, उघडून पंप चालवतो, म्हणजे तेलातलं पाणी निघून जातं.

दुरुस्तीला एक लाख दहा हजार लागले. त्या माणसाची जाहिरात अजून दिसते, आता दुसऱ्या मशीनची. फोटो मोठा करून पाहिला. आकडा उणे नऊचाच आहे, आणि पडद्याच्या कोपऱ्यात झिरो चालू असल्याची खूण आहे.