एअर रायफलचा बदली ट्रिगर घेताना झालेली फसवणूक

माझी मुलगी परभणीत दहा मीटर एअर रायफल नेमबाजीचा सराव करते. तिची मॅच रायफल जुनी, वापरलेली घेतलेली आहे आणि ट्रिगर खरखरीत झाल्यामुळे तो बदलावा, असे प्रशिक्षकांनी सुचवले होते. मराठवाड्यात असे सुटे भाग सहजी मिळत नाहीत; आमच्यासारखे पालक पुण्या-मुंबईच्या विक्रेत्यांवर किंवा स्पर्धेच्या ठिकाणी भेटणाऱ्या मध्यस्थांवर अवलंबून असतात, आणि काही लोक याच अडचणीचा फायदा घेतात.

या प्रकारात लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे ०.५ मिलिमीटरचे असते आणि ६० छऱ्यांचे गुण दशांशात मोजले जातात. त्यामुळे ट्रिगर किती हलका आहे यापेक्षा तो प्रत्येक वेळी सारख्याच दाबाला सुटतो की नाही, हे पाहावे लागते. दोन टप्प्यांच्या चांगल्या ट्रिगरमध्ये पहिला टप्पा मोकळेपणाने मागे येतो, मग बोटाला स्पष्ट अडकाव जाणवतो आणि त्यावर थोडासाच दाब वाढवला की छर्रा सुटतो. दाब व टप्पे स्क्रूने जुळवता येतात. मात्र सीअरची, म्हणजे यंत्रणा अडकवून धरणाऱ्या तुकड्याची, कड एकदा बिघडली की कोणताही स्क्रू ती उणीव भरून काढू शकत नाही.

पुण्यात एका स्पर्धेच्या वेळी एका विक्रेत्याने आपल्या रायफलवर बसवलेला ट्रिगर आम्हाला दाखवला. दाबमापक लावल्यावर दर वेळी १०० ग्रॅमच्या आसपासच आकडा येत होता, आणि मुलीनेही तो चालवून पाहिला. हा नमुन्याचा आहे, तुम्हाला सीलबंद नवा पाठवतो, असे सांगून त्याने यूपीआयवर पूर्ण रक्कम घेतली आणि जीएसटी क्रमांक नसलेली हाताने लिहिलेली पावती दिली. कुरिअरने आलेल्या खोक्याचे सील फाटलेले होते. विचारले असता, कस्टमने तपासणीसाठी उघडले असेल, असे उत्तर मिळाले.

सुदैवाने प्रशिक्षकांनी खोके उघडण्यापासूनच मोबाइलवर चित्रीकरण सुरू ठेवले होते. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या होत्या आणि आत घट्ट ग्रीस थापलेले होते. छर्रा न भरता मोजलेला दाब कधी ७० ग्रॅम, तर कधी १५० ग्रॅम येत होता. ग्रीस पुसल्यावर सीअरच्या कडेवर कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसले: ट्रिगर हलका वाटावा म्हणून कोणीतरी ती कड घासली होती. याहून गंभीर बाब अशी, की रायफल रिकामी, नळी लक्ष्याकडे आणि यंत्रणा ताणलेली असताना दस्त्यावर हलकासा धक्का देताच ती आपोआप सुटली. लहान मुले शेजारीशेजारी उभी राहून सराव करतात त्या रेंजवर असा ट्रिगर विकणाऱ्याने केवळ आमचे पैसे बुडवले, असे मी मानत नाही. त्याने इतरांच्या मुलांचाही जीव धोक्यात घातला.

स्क्रू तुम्हीच फिरवले, असा आरोप करून विक्रेत्याने नंतर फोन घेणे बंद केले. म्हणूनच पाहिलेलाच ट्रिगर आपल्या समोर खोक्यात बांधून घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, आणि पोहोचल्यावर स्क्रूला हात लावण्याआधी चित्रीकरणासह दाब मोजावा. एकच आकडा पुरेसा नसतो, लागोपाठ अनेक वेळा मोजून फरक किती येतो ते पाहावे.

याच माणसाने .२२ रायफलचाही (हवेवर नव्हे, काडतुसावर चालणाऱ्या) ट्रिगर कागदपत्रांशिवाय देऊ केला होता. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही येतात, त्यामुळे तसा व्यवहार करणारा खेळाडू स्वतःच अडचणीत सापडू शकतो. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली असून चित्रफीत, पावती व यूपीआयचा तपशील जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार देत आहोत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते.