सोसायटीचा पूरसज्जता आराखडा: बडोद्यातील एका सल्लासेवेचे परीक्षण

ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली आणि कारेलीबागेतील आमच्या सोसायटीचे पार्किंग, मीटरची खोली व लिफ्टचा खड्डा पाण्याखाली गेले. पुढच्या सर्वसाधारण सभेने पूरसज्जतेचा आराखडा जाणकारांकडून करून घेण्याचा ठराव केला आणि हे काम प्रामुख्याने किनारी शहरांत काम करणाऱ्या एका खासगी सल्लागार संस्थेकडे सोपवले. प्रत्येक घराला साधारण एका महिन्याच्या मेंटेनन्सइतका भार पडला. तेवढ्या पैशात जे मिळाले त्यातला पाहणीचा भाग अव्वल आहे. अहवालाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी भिंतीवरची गाळाची रेघ प्रमाण मानून जोते, मीटरपेट्या, जमिनीखालच्या टाकीचे झाकण आणि ड्रेनेजचे चेंबर यांच्या उंची लेव्हल यंत्राने मोजल्या. त्यातून निघालेला निष्कर्ष सभासदांच्या समजुतीला धक्का देणारा होता. आमच्या आवारात पाणी आधी रस्त्यावरून नव्हे, तर मागच्या चेंबरमधून उलटे आले होते. कारण नदी फुगली की तिच्यात उतरणाऱ्या कांसांचे, म्हणजे पावसाळी नाल्यांचे, पाणी पुढे सरकत नाही आणि ते सखल भागातल्या गटारांतून वर येते. त्यामुळे कुंपणाची भिंत उंच करण्याचा जो खर्चिक प्रस्ताव आधीच जवळजवळ मंजूर झाला होता, तो त्यांनी बाजूला ठेवायला लावला आणि त्याऐवजी चेंबरवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप), एक सम्प पंप (खड्ड्यात साचलेले पाणी उपसणारा) व मीटरपेट्या वर घेणे एवढेच सुचवले. एवढ्या एका सल्ल्यात फी वसूल झाली.

दुसरी जमेची बाजू म्हणजे कामांची सांगड पावसाशी नव्हे, तर नदीच्या पातळीशी घातली आहे. पावागडच्या डोंगराकडे आणि नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या आजवा जलाशयाच्या पाणलोटात पडलेला पाऊस काही तासांनी शहरात पोहोचतो. कारेलीबागेत ऊन पडलेले असतानाही नदी चढत असते, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक असले तरी आजवर कोणत्याही सोसायटीच्या सूचनाफलकावर लिहिलेले मी पाहिलेले नाही. आराखड्यानुसार काळा घोड्याला १८ फूट होताच गाड्या बाहेर काढायच्या आणि २२ फुटांना लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची. टाकीचे झाकण त्याच वेळी पक्के बसवायचे.

अहवालाचा जवळजवळ तिसरा हिस्सा मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी शहराचा आहे. समुद्रसपाटीपासून ३५ ते ४० मीटर उंचीवर वसलेल्या बडोद्याला वादळी लाटा, समुद्राची वाढती पातळी आणि तिवरांची लागवड यांवरची पाने कशासाठी, हे आमच्या सेक्रेटरींनी विचारले तेव्हा समाधानकारक उत्तर मिळाले नाही. तिवरांना जागा मिळाली आणि पुराबरोबर आवारात शिरणाऱ्या मगरीविषयी, वनखात्याला कळवण्यापलीकडे काय करू नये याविषयी, अवाक्षर नाही! किनाऱ्याच्या अनुभवातून इथे घेण्यासारखे एकच प्रकरण होते, ते सुरतेचे. २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीकाठचे बहुतेक शहर बुडाले. तिथे भरतीची वेळ आणि धरणाचा विसर्ग एकत्र आले की पाण्याला उतार मिळत नाही. त्यानंतर धरणापासून शहरापर्यंत इशाऱ्याची साखळी बांधली गेली. आजवा आणि आपल्या सोसायट्या यांच्यात अशी साखळी कशी असावी, यावर दोन पाने हवी होती. ती परिशिष्टात चार ओळींत उरकली आहेत.

मूळ अहवाल इंग्रजीत असून सोबत गुजराती सारांश दिला आहे. वॉचमनसाठी एका पानाचा तक्ता मागितल्यावर त्यांनी तो आठवड्याभरात, विनाशुल्क करून दिला, हे नोंदवले पाहिजे. कबूल केलेली रंगीत तालीम मात्र पावसाळा तोंडावर आला तरी झालेली नाही. शेवटचा हप्ता आम्ही तेवढ्यासाठी रोखून धरला आहे, आणि सेवा घेणाऱ्या इतर सोसायट्यांनीही करारात तालमीची तारीख आधीच घालून घ्यावी.