पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय): डेटाबेसची ओळ साध्या ऑब्जेक्टमध्ये घ्यावी की स्वतःच्या क्लासमध्ये?
फेच-ऑब्जेक्ट हा पर्याय दिला की प्रत्येक ओळ साधं ऑब्जेक्ट बनून येते. कॉलमचं नाव तेच प्रॉपर्टीचं. नुसती यादी दाखवायला एवढं पुरे. जॉइनमध्ये (दोन टेबलं जोडून वाचताना) दोन्ही टेबलांत आयडी असेल तर नंतरचा आधीच्यावर बसतो, तोही गुपचूप. म्हणून क्वेरीत कॉलमना टोपणनावं द्या. (दुसऱ्या पद्धतीतही हे टळत नाही.)

फेच-क्लास या दुसऱ्या पर्यायात ओळ तुमच्याच क्लासची होते, म्हणून ऑर्डरची बेरीज करणारी मेथड तिथेच ठेवता येते. गोची अशी, की आधी प्रॉपर्टी भरतात आणि मग कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारी मेथड) चालतो. कन्स्ट्रक्टरमध्ये ऑर्डरची स्थिती ‘नवीन’ ठेवली असेल, तर डेटाबेसमधली ‘रद्द’ पुसली जाते! फेच-प्रॉप्स-लेट जोडलं की क्रम उलटतो. शिवाय पीएचपी 8.2 पासून क्लासमध्ये न लिहिलेला कॉलम आला तर डेप्रिकेटेडची (ही पद्धत पुढे बंद होणार अशी) सूचना दिसते. साध्या ऑब्जेक्टला ती येत नाही, पण हिशेबाच्या ओळींना क्लासच बरा.