२ फुटी टँक, आठ महिन्यांनंतर: मासे ठीक, श्रिंप भारी

टँक (२४ बाय १२ बाय १२ इंच, पाणी ५० लिटरच्या आसपास) घेऊन आठ महिने झाले म्हणून आता लिहितोय, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या. दुकानदार म्हणाला आजच पाणी भरा, आजच मासे सोडा, काही होत नाही. आठवड्यात ४ गप्पी गेले. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया खाणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजात बसायलाच महिना-दीड महिना लागतो हे नंतर कळलं.

गप्पी काय, दोन आठवड्यांत बघून होतात, दिवसभर मादीच्या मागे आणि स्वतःचीच पिल्लं गिळतात. कोरी (तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश) बऱ्या, मिशांनी वाळू चाळता चाळता एखादी सुर्रकन वर जाऊन हवा गिळून येते. आई म्हणे श्वास पुरत नाहीये बिचारीला, पण त्या आतड्यातूनही हवा घेतात (सारखंच करायला लागल्या तर मात्र पाणी बघा).

खरी मजा रेड चेरी श्रिंपची. एकदा सकाळी पोहे खाताना आई ओरडली, तुझा एक झिंगा गेला रे! बघतो तर काचेसारखा आरपार, मिशांसकट अख्खा, मानेमागे चिरलेला. मी काढून फेकलाही. ती कात होती, मालक जावा मॉसच्या (पाणवनस्पती) झुपक्यात लपलेला. आता कात तशीच ठेवतो, ते खाऊन टाकतात, कॅल्शियम परत मिळतं.

मग एका संध्याकाळी सगळे नर टँकभर सैरावैरा पोहायला लागले, मला वाटलं पाण्यात काही विषारी गेलं, बादली घेऊन धावलो. तर एका मादीने कात टाकलेली आणि त्या वासावर तिला शोधणं चाललेलं! दुसऱ्या दिवशी तिच्या पोटाखाली राईएवढी पिवळट अंडी, आणि ती तिथल्या बारीक पायांनी त्यांना सारखा वारा घालतेय. तीन-साडेतीन आठवडे हेच. मग २ मिलिमीटरची पिल्लं, हुबेहूब मोठ्यांसारखी.

पाण्याचं सांभाळा. नर्मदेचं पाणी नळातून थेट ओतलं त्या दिवशी ५ श्रिंप गेले, क्लोरीन, चूक माझीच. आता बादली दिवसभर उघडी ठेवतो. मे मधे टँक ३२ डिग्रीला गेला, टेबल फॅन लावून दोन-तीन उतरले पण रोज पाणी घालावं लागलं.

सोबतची लाइट भंगार, काचेवर नुसतं शेवाळ.

काल पिल्लं मोजायला बसलो, १४ वर हरलो. इंदूरमधे कुणाला हवी असतील तर पाच-सहा देईन, डबा आपला आणायचा.