गॅलेरापुढे प्रॉक्सीएसक्यूएल, सात महिन्यांनंतर: वेटला हात लावण्याआधी @ शोधा

गॅलेरा म्हणजे एकच डेटा ठेवणाऱ्या मायएसक्यूएल सर्व्हरचा समूह, आणि प्रॉक्सीएसक्यूएल म्हणजे त्याच्यापुढे बसून क्वेरी वाटून देणारा प्रॉक्सी. तिन्ही सर्व्हरना वेट (वाटणीतला हिस्सा ठरवणारा आकडा) 100, तरी एकाचा सीपीयू तापलेला आणि दुसरा रिकामा. असं दिसलं की बहुतेक जण वेट कमीजास्त करत बसतात. त्याने बहुतेकदा काही होत नाही, कारण खरा घोळ मल्टिप्लेक्सिंगमध्ये, म्हणजे थोडी कनेक्शनं अनेक क्लायंटमध्ये फिरवण्यात असतो.

वेट फक्त पूलमधून (सर्व्हरशी उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यातून) कनेक्शन निवडताना बघितलं जातं. मल्टिप्लेक्सिंग चालू असेल तर क्वेरी किंवा ट्रान्झॅक्शन संपलं की कनेक्शन पूलमध्ये परत जातं आणि पुढच्या क्वेरीसाठी निवड नव्याने होते. पण क्वेरीत @ आला, म्हणजे सेशन किंवा यूजर व्हेरिएबल आलं, की काही ठरावीक अपवाद सोडले तर ते कनेक्शन त्या क्लायंटलाच चिकटतं, तो तुटेपर्यंत. अ‍ॅप्लिकेशनचा स्वतःचा पूल असेल तर तो दिवसचे दिवस तुटत नाही. मग दुरुस्ती करून परत जोडलेल्या सर्व्हरवर लोड येणार कुठून? (ईमेल पत्त्यातल्या @ ची काळजी नको. तपासणी डायजेस्टवर, म्हणजे क्वेरीच्या साच्यावर होते आणि तिथे मजकुराच्या जागी प्रश्नचिन्ह असतं.)

6032 पोर्टवरच्या अ‍ॅडमिनमध्ये कनेक्शन पूलचं स्टॅट्स टेबल बघा. गर्दी नसतानाही कनयूज्ड (वापरातली कनेक्शनं) चढलेला आणि कनफ्री (मोकळी कनेक्शनं) शून्याजवळ असेल तर कनेक्शनं चिकटलेली आहेत. डायजेस्ट टेबलातून @ असलेल्या क्वेरी काढा. ज्या नुसती सिस्टिम व्हेरिएबल वाचतात त्यांच्यासाठी क्वेरी रूल लिहून मल्टिप्लेक्स 2 ठेवा. 1 नव्हे, 2: या क्वेरीमुळे बंद करू नको, एवढाच त्याचा अर्थ. ज्या क्वेरी व्हेरिएबल सेट करून पुढे वापरतात त्यांना हा रूल चुकूनही लावू नका. पुढची क्वेरी दुसऱ्या कनेक्शनवर गेली तर तिला नल मिळेल आणि एरर मात्र येणार नाही. रूल रनटाइमला लोड करा, डिस्कवर सेव्ह करा आणि अ‍ॅपचा पूल एकदा रीस्टार्ट करा, कारण आधी चिकटलेली कनेक्शनं आपोआप सुटत नाहीत.

रीड-राइट वाटणीबद्दल मात्र मत बदललं. सगळे सिलेक्ट रीडरकडे (वाचनासाठी ठेवलेल्या सर्व्हरकडे) आणि फॉर अपडेट वाले, म्हणजे ओळी लॉक करणारे, रायटरकडे (लिहिण्यासाठी ठेवलेल्या सर्व्हरकडे), हे दोन रूल पुरतात असं सुरुवातीला वाटलं होतं. पुरत नाहीत. नुकतं लिहिलेलं लगेच वाचायला गेलं तर रीडरवर जुनं दिसू शकतं. गॅलेराचं डब्ल्यूएसरेप_सिंक_वेट हे सेटिंग 1 केलं तर ताजं मिळतं, पण प्रत्येक वाचनाला थांबावं लागतं. आता सगळं रायटरकडे, आणि डायजेस्टमध्ये सम_टाइमने (एकूण लागलेल्या वेळाने) वर आलेल्या, थोडं जुनं चालेल अशा रिपोर्टच्या क्वेरी तेवढ्या रीडरकडे. रूल मोजके राहतात आणि प्रत्येकाचं कारण सांगता येतं.

लिहिण्याचा भार यातून वाटला जात नाही, हे खरेदीआधी लक्षात घ्या. प्रत्येक बदल तिन्ही सर्व्हरवर लागतोच, आणि सगळ्यात मंद सर्व्हर फ्लो कंट्रोलने बाकीच्यांना थांबवतो. म्हणून तिसरं मशीन स्वस्तातलं घेऊ नका. मॅक्स_रायटर्स (एका वेळी किती सर्व्हरवर लिहायचं) 1 ठेवा, म्हणजे दोन सर्व्हरवर एकाच ओळीला हात लागून 1213 ची डेडलॉक एरर येणं टळतं. पैसे वाचवायचे तर प्रॉक्सीवर वाचवा: तो जीपीएलखाली फुकट आहे आणि अ‍ॅप सर्व्हरवरच बसतो, वेगळं मशीन लागत नाही.

सर्व्हर काढताना ऑफलाइन_सॉफ्ट (नवी कनेक्शनं बंद, चालू असलेली संपू द्यायची) करून कनयूज्ड शून्य होण्याची वाट बघा. तो आकडा खाली येतच नसेल तर बहुतेक कुठेतरी एक @ अजून राहिलाय.