रोबोट वॉर्स आधी बघू का बॅटलबॉट्स?

रोबोट फायटिंग, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या मशीनची लढत, बघायला सुरुवात करायचीये पण ब्रिटिश रोबोट वॉर्स आधी का अमेरिकन बॅटलबॉट्स हे ठरत नसेल तर माझं मत सरळ सांगतो, आधी रोबोट वॉर्स बघा आणि तेही २०१६ ला बीबीसी टूवर परत सुरू झालेलं.

तसं दोघांचं मूळ एकच आहे. मार्क थॉर्पने १९९४ ला सॅन फ्रान्सिस्कोत रोबोट वॉर्स ही स्पर्धा सुरू केली, तीच १९९८ ला ब्रिटिश टीव्हीवर आली, आणि त्या स्पर्धेत खेळलेले ट्रे रॉस्की आणि ग्रेग मन्सन यांनी स्वतःचं बॅटलबॉट्स काढलं जे २००० ला कॉमेडी सेंट्रलवर आणि नंतर एबीसी, डिस्कव्हरी असं फिरत राहिलं. वजनाची मर्यादाही जवळपास सारखीच, रोबोट वॉर्सला ११० किलो, बॅटलबॉट्सला २५० पाउंड म्हणजे ११३ किलो, फाइट तीन मिनिटांची.

खरा फरक फॉरमॅटचा. रोबोट वॉर्सच्या एका एपिसोडमध्ये तेच तेच बॉट एकमेकांशी परत परत भिडतात, त्यामुळे मोटर जळली, चेन तुटली, आर्मर वाकलं की टीम टेबलावर सगळं उघडून बसते आणि पुढच्या फाइटपर्यंत काय वाचवायचं, काय सोडून द्यायचं हे तुमच्या डोळ्यांसमोर ठरतं. ज्याला स्वतः बॉट बनवायचाय त्याने हे बघायलाच हवं. बॅटलबॉट्समध्ये एका रात्री वेगवेगळ्या टीम येऊन जातात, एखादा बॉट आवडला की तो परत दिसायला पुढच्या एपिसोडांची वाट बघा.

रोबोट वॉर्समधली मला न पटणारी गोष्ट म्हणजे हाउस रोबोट, म्हणजे कोपऱ्यात उभे असलेले शोचे स्वतःचे रोबोट. सर किलालॉट ७४१ किलोचा, त्याच्या कोपऱ्यात तुमचा बॉट गेला तर सहा महिन्यांची मेहनत डिझाइनच्या चुकीशिवाय संपते. लहान मुलांना मात्र तेच सगळ्यात जास्त आवडतं, घरात पोरं असतील तर निर्णय तिथेच झाला.

पण मशीन म्हणून बघाल तर बॅटलबॉट्स पुढे आहे, यात वाद नाही. टूम्बस्टोन हा बॉट बघा, समोर आडवं फिरणारं जाड पातं, ते आदळलं की जेवढा धक्का समोरच्याला तेवढाच स्वतःलाही, त्यामुळे मारून झाल्यावर तो स्वतःच गरगरत फेकला जातो. बाइट फोर्स २०१५ ला पकडून उचलणारा बॉट म्हणून जिंकला, नंतर त्याला उभं फिरणारं वेपन बसवलं, जे समोरच्याला वर उडवतं आणि आपला धक्का खाली जमिनीत घालवतं, आणि २०१८, २०१९ दोन्ही वर्षी परत तोच जिंकला. एकाच टीमने आख्खं वेपन बदलून तीनदा जिंकणं हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आयआयटी बॉम्बेच्या टेकफेस्ट या फेस्टिव्हलमध्ये रोबोवॉर्स या रोबोट लढतीच्या स्पर्धेला उतरायचा विचार असेल तर दोन्ही बघावं लागेल, रिपेअरची शिस्त ब्रिटिश शोमधून आणि वेपनचा अभ्यास अमेरिकन शोमधून. नुसतं बघायचं असेल तर रोबोट वॉर्स २०१६ चे सहाच एपिसोड आहेत, एका वीकेंडला होतात, त्यात कार्बाइड आणि अपोलो या दोन बॉटवर लक्ष ठेवा. फायनलचा निकाल आधी शोधू नका.